पांढरी पाचच्या किंचित वर

रविवार कारंजाच्या मागे, भांडीवाल्यांच्या ओळीत
धात्रकांचं रेकॉर्डचं दुकान अजून आहे
हे मला कॅन्टीनमध्ये कळलं.
तिडके म्हणाला, साहेब, पोरगं वाजवणार आहे शनिवारी, या.
काय वाजवणार ते विचारू नका,
मी विचारलं तर त्याने हेडफोनच लावला माझ्या कानाला.

मी अंबडला ट्रान्सफॉर्मर तपासतो. बावीस वर्षं.
तेल, वाइंडिंग, गळती, सगळं मीटर सांगतो,
पण मी आधी कान लावतो.
नीट असेल तर तो रवंथ करतो,
सैल असेल तर दात वाजवतो.

दुकानात माणसं पंधरा, खुर्च्या चार.
नाट्यगीतांच्या खोक्यांवर काळं कापड,
कापडावर यांची यंत्रं: बटणं, बारीक लाल दिवे,
वाळत घातलेल्या शेवयांसारख्या वायरी.
ओजस तिडके, आणि कोकणीपुऱ्यातली अल्फिया.
जोडीचं नाव न्यूट्रल.
धात्रक काका माइकवर दोनदा न्यूट्रॉन म्हणाले.

सुरू झालं तेव्हा सुरू झालंय हे कळलंच नाही.
नुसता घुमारा. खालचा, जाड,
बाकाच्या लाकडातून मांडीत चढणारा.
मी उठलो. सवयच ती.
कडेकडेने जाऊन अल्फियाला हळूच म्हणालो,
ताई, तुमचं अर्थिंग गेलंय.

ती हसली नाही. बटणावरचा हात न काढता म्हणाली,
काका, तेच तर वाजवतोय.
आम्ही तंबोरा लावत नाही,
प्लगातून जे येतं त्याला आपलं सगळं लावून घेतो.
नाशिकची वीज
पांढरी पाचच्या किंचित वर आहे.

मी जागेवर येऊन बसलो.
किंचित वर.
माझ्या वहीत त्याला एक रकाना आहे, नॉइज,
त्यात आकडा लिहायचा, आणि तो जितका लहान तितकं बरं.

मग त्यावर एक ठोका आला,
शेजारी कुणी हंडा ठोकून बघतंय असा.
शेजारी खरंच कुणी हंडा ठोकून बघत होतं.
ओजसने मान वर केली, दोन ठोके जाऊ दिले,
तिसऱ्याला त्याच्या यंत्राने उत्तर दिलं.
गिऱ्हाइकाने हंडा घेतला नसावा,
कारण पुढे ते उत्तर बराच वेळ एकटंच वाजत राहिलं.

भावगीतांची कॅसेट विचारायला आलेल्या बाई
पिशवी पायाशी ठेवून दारातच उभ्या होत्या.

चार वाजून दहा मिनिटांनी लाइट गेली.
शनिवार; मला लक्षात यायला हवं होतं.
घुमारा गेला, पंखा गेला,
समोरच्या रसवंतीचा फ्रिज चालू होता
हे तो बंद झाल्यावर कळलं.
धात्रक काकांच्या छातीतली शिट्टी ऐकू आली.
दोघं पोरं मांडीवर हात ठेवून बसलेली.
संपलं की थांबलं, कुणाला ठाऊक नव्हतं,
म्हणून कुणी टाळी वाजवेना.
मग कॅसेटवाल्या बाईंनी वाजवली.

मोबाइलच्या उजेडात सह्या झाल्या. रेकॉर्ड नऊशेला.
घरी प्लेअर आहे? धात्रकांनी विचारलं.
नाही म्हटलं.
मग उभी ठेवा, आडवी ठेवलीत तर वाकेल.
अल्फियाने कव्हरवर लिहिलं होतं:
काका, अर्थिंग ठीक आहे.

अशोक स्तंभापाशी, इस्त्रीवाल्याच्या टपरीमागे
एक डीपी आहे, दोनशेचा, झाकण तुटलेला.
मी गाडी स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं,
रेकॉर्ड काखेत उभी धरली
आणि त्याच्याजवळ थांबलो.
तो गप्प. लोखंड दिवसभराचं तापलेलं.

इस्त्रीवाला बाहेर आला.
बोर्डातून आलात का? म्हणाला, कधी येणार लाइट?
पॅन्टी पडल्यात अकरा.

मी बोट वर केलं,
म्हणजे, जरा ऐकू दे.